सोजराचं दुखणं आणि नाथाचा मुक्काम

राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे गाव आहे. गावाच्या वर, अर्ध्या चढावरच्या सपाटीला, सात घरांचा धनगरवाडा होता. नाथा तिथला. उंच, काटक आणि बोलायला फार कमी. त्याची बायको सोजरा त्याच्या अगदी उलट. ती बोलायला लागली की खालच्या भातखाचरातल्या माणसाला वर काय चाललंय ते कळायचं. नांदायला आली त्या पहिल्या आठवड्यातच तिनं नवऱ्याला विचारलं होतं, की तुम्हाला बोलता येतं की गुरांना घालायची शीळ तेवढीच येते. नाथा त्यावर हसला होता, पण बोलला नव्हता.

चाळीसेक शेळ्या, नऊ गाई आणि दोन म्हशी एवढा त्यांचा पसारा. नाथाचा धाकटा भाऊ म्हादू आणि त्याची बायको साळूबाई शेजारच्याच खोपटात राहायची. लोणी कढवून तूप करायचं आणि सोजरानं ते डोक्यावरून वेल्ह्याच्या बाजाराला न्यायचं, हे ठरलेलं. तिच्या चालीला गडी माणूस पुरा पडत नसे. दोन मुलं लहानपणीच गेली होती. तिसरी चंद्रा, तीन वर्षांची, जगली होती आणि आईसारखीच बडबडी निघाली होती.

१९३४ साली, भातकापणी उरकल्यावर, गवताचा भारा उतरवताना सोजराच्या उजव्या खुब्यात कळ आली. लचक भरली असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. कळ गेली नाही. महिन्याभरात ती लंगडायला लागली, आणि माघ सरता सरता तिला पाय जमिनीला टेकवेना. साळूबाईनं तेल चोळलं. कुणी बिब्ब्याचे डाग दिले. देवऋषी येऊन अंगारा देऊन गेला. नाथानं यातलं सगळं मनापासून केलं. अंगाऱ्यानं घरातल्यांचं मन जरा थाऱ्यावर आलं, पाय मात्र तसाच राहिला.

शेवटी चार गड्यांनी घोंगडीची झोळी करून तिला खाली आणलं. नसरापूरला मोटार मिळाली. भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांधा दाबून पाहिला आणि नाथाला बाजूला नेऊन सांगितलं, की हाडाला क्षय लागलाय, याचा इलाज इथं नाही, पुण्याला मिशनचा दवाखाना आहे तिथं न्या. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. नाथानं ती चिठ्ठी मुंडाशाच्या आत खोचली आणि तसाच बायकोला घेऊन पुण्याला गेला. चंद्रा साळूबाईच्या कडेवर राहिली. आई दोन दिवसांत येते असं तिला सांगितलं होतं.

दवाखान्याची मुख्य एक गोरी डॉक्टरीणबाई होती. पन्नाशीची, चष्मा लावणारी. तिचं मराठी पुस्तकातलं, पण स्पष्ट. तिनं नाथाला बाकावर बसवून समजावलं. हा सांधा तिळभरही हलता कामा नये. छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालायचं. मग ऊन, दूध, आणि निजून राहणं. यापलीकडे औषध नाही. त्याला एक वर्ष लागेल.

"वरीस म्हंजे पुढल्या शिमग्यापातूर?" नाथानं विचारलं.

"कदाचित त्याच्याही पुढे," डॉक्टरीणबाई म्हणाली.

सोजराला हे कळलं तेव्हा ती आधी हसली. ती म्हणाली, की वर्षभर गप पडून राहायला मी काय पाटा-वरवंटा आहे. प्लास्टर वाळून कडक झालं, कुशीवरही वळता येईना, तेव्हा तिला खरं वाटलं. त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना संध्याकाळी तासभरच जाऊ देत. नाथा ते सोडून बाकीचा वेळ आवारातल्या चिंचेखाली बसून काढायचा. बरोबर आणलेल्या भाकरी दोन दिवसांत संपल्या. गावाकडची माणसं असतात तशी आठ-पंधरा दिवस बसून परत जाणारी, तसाच हाही जाईल असं सगळ्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी मागच्या गोठ्यातून आरडाओरडा ऐकू आला. रोग्यांच्या दुधासाठी दवाखान्यानं सात गाई ठेवल्या होत्या. त्यातली एक नुकती व्यालेली, वासरू मेलेली, पान्हा चोरत होती आणि गवळ्याला लाथा झाडत होती. नाथा उठून गेला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. हातावर मीठ घेऊन तिला चाटवलं, कास कोमट पाण्यानं शेकली आणि तिच्या मानेखाली खाजवत तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत राहिला. पाऊण तासानं गाईनं पान्हा सोडला. डॉक्टरीणबाई खिडकीतून बघत होती. गवळ्याला गावी जायचं होतंच. संध्याकाळपर्यंत नाथाला गोठ्याशेजारची खोली मिळाली आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दोन वेळचं जेवण.

त्या खोलीत नाथा तेरा महिने राहिला.

यातला मोठा लाभ असा, की दुधाची बरणी घेऊन त्याला सकाळी बायकांच्या व्हरांड्यापर्यंत जाता येई. हाडांच्या रोग्यांना खाटांसकट उन्हात आणून ठेवलेलं असे. सगुणाबाई नावाची नर्स होती, वाईकडची, कडक शिस्तीची. ती पेले भरून घेईपर्यंत नाथा सोजराच्या खाटेशी उभा राहायचा. आणि तिथं एक नवल घडलं. आयुष्यभर बोलणारी सोजरा गप झाली होती, म्हणून नाथा बोलायला लागला. त्याच्याकडं सांगायला गाईंशिवाय काही नव्हतं. आज कुठली गाय रुसली, कुणी कुणाच्या गव्हाणीत तोंड घातलं, कालवडीला माज कसा आलाय, हे तो रोज सांगायचा. पहिल्या दिवसांत त्याची दोन वाक्यं झाली की तो अडायचा. पुढं पुढं शेजारच्या खाटांवरच्या बायकाही त्याची वाट बघायला लागल्या.

व्हरांड्यात सकाळी ख्रिस्ताची भजनं व्हायची. नाथा बरणी खाली ठेवून, हात जोडून शेवटपर्यंत उभा राहायचा. सगुणाबाईनं एकदा त्याला विचारलं, की तुझा देव तर वेगळा, मग कशाला उभा राहतोस. तो म्हणाला, की देवाचं नाव चाललंय, तेवढा वेळ उभं राहायला काय जातंय. स्वतःच्या देवीला तो विसरला नव्हता. पहाटे धारेला बसण्याआधी गोठ्यामागं जाऊन, राजगड ज्या अंगाला असेल तिकडं तोंड करून, तो पद्मावतीला हात जोडायचा. मागणं काय मागायचा ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र त्यानं देवीला बोलून टाकली होती आणि ती सोजरापासून लपवली होती. सोजरा पायावर उभी राहीपर्यंत तो दूध तोंडाला लावणार नव्हता. दूध नाही, ताक नाही, दही नाही.

धनगराला हा नवस म्हणजे जेवणच सोडण्यासारखं. ज्येष्ठ लागेपर्यंत त्याचे गाल आत गेले, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायला लागला. सोजरानं चार-पाच दिवस पाहिलं आणि सगुणाबाईला विचारलं. सगुणाबाईला स्वयंपाकिणीकडून ठाऊक होतं, की हा माणूस ताकाची वाटी रोज परत करतो. तिनं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नाथा आला तेव्हा सोजराचा जुना आवाज परत आला होता. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"पाय कुणाचा? माजा का तुमचा?"

नाथानं तुझा म्हणून मान हलवली.

"मग मला न इचारता देवीला कसं बोललासा? तुमी वाळून चाललाय, आन् म्या उठून बघायचं कुणाकडं?"

नाथा म्हणाला, की बोललेला शब्द आता मागं कसा घ्यायचा. सोजरा म्हणाली, की तुम्ही घेऊ नका, मी घेते. तिला कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून तिनं राजगड कुठल्या अंगाला ते त्याला विचारून घेतलं आणि झोपल्या झोपल्या त्या बाजूला हात जोडले. देवीला ती म्हणाली, की याला समज कमी आहे पण मन चांगलं आहे. नवस माझ्यासाठी होता, तो मी सोडवला. दोष असेल तर माझ्याकडं. मग तिनं स्वतःचा पेला त्याच्यापुढं धरला. रोग्याचं दूध दुसऱ्याला द्यायचं नाही असा नियम होता. सगुणाबाई नेमकी तेव्हा पाठमोरी झाली. नाथानं पेला संपवला, आणि तीन महिन्यांनी दूध पोटात गेल्यामुळं त्याला दिवसभर पोटात कळा आल्या.

पावसाळ्यात मात्र दिवस फिरले. ऊन नाहीसं झालं, खाटा आत गेल्या. सोजराच्या शेजारच्या खाटेवर उत्रोलीची सखूबाई होती, मणक्याच्या दुखण्याची. दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं. कुठल्या खाचरात कुठलं भात चांगलं येतं यावर त्या छताकडं बघत तासन् तास भांडायच्या. श्रावणात सखूबाई गेली. त्यानंतर आठवड्यात सोजराला ताप भरला. प्लास्टरच्या आत, खुब्याजवळ गळू धरलं होतं. प्लास्टर कापून पू काढावा लागला. ताप उतरेना. तिनं जेवण टाकलं, आणि नाथा गाईंच्या गोष्टी सांगायला लागला की ती डोळे मिटून घ्यायची.

त्याच सुमाराला म्हादू पुण्याला आला. वाड्यावरच्या जाणत्यांनी त्याला पाठवलं होतं. तो निरोप सांगताना नाथाकडं बघत नव्हता. निरोप असा, की सहा महिने झाले, घर उघडं पडलंय, पोरीला आई पाहिजे. पलीकडच्या खोऱ्यात एक मुलगी आहे, घरचे तयार आहेत. नाथानं आता परत यावं. सोजराचं इथं जे व्हायचं ते होईल, तिची आबाळ होणार नाही.

हे बोलणं खाटेपाशीच झालं. सोजरा झोपलीय असं म्हादूला वाटलं होतं.

"भावजी बराबर बोलत्यात," ती म्हणाली. "तुमी करा दुसरी. चंद्रीला आई व्हईल. म्या काय आता उठत न्हाई."

ती रुसून बोलत नव्हती, आणि त्याला जोखतही नव्हती. मनात सगळं ठरवून झाल्यावर माणूस बोलतं तशी ती बोलली. नाथा उठला आणि बाहेर गेला. म्हादूला वाटलं, भाऊ विचार करायला गेला.

नाथा गेला होता डॉक्टरीणबाईकडं. त्यानं सरळ विचारलं, की ती वाचेल का. डॉक्टरीणबाईनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सांगितलं, की मला माहीत नाही. पू काढला आहे. ताप उतरला तर ती उठेल. उतरेल की नाही ते मी सांगू शकत नाही. मीही रोज तिच्यासाठी प्रार्थना करते.

नाथा परत येऊन खाटेच्या कडेला जमिनीवर बसला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडाच्या उंचीला आलं.

"डाक्टरीणबाईला ठावं न्हाई," तो म्हणाला. "मला ठावं न्हाई. देवीनंबी मला काय सांगितलं न्हाई, म्या रोज इचारतोय. पर सोजरे, म्या हितनं हालत न्हाई. तू बरी झालीस तर दोगं जाऊ. न्हाई झालीस तर तुला घिऊन जाईन. एकटा मातूर जायाचा न्हाई."

आयुष्यात एवढं तो एका दमात कधी बोलला नव्हता. म्हादू खाली मान घालून बसला. सोजराच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही कानांकडं ओघळलं, कारण ती उताणी होती. नाथानं ते मुंडाशाच्या पदरानं पुसलं. तिला पुढं लोक विचारायचे, की तू तगलीस कशानं. ती सांगायची, की सगळे मला बरी होशील, बरी होशील म्हणायचे, त्याचा मला वीट आला होता. ठाऊक नाही असं म्हणून जवळ बसलेला हा एकटाच माणूस होता. त्या दिवशी मला झोप लागली.

म्हादू दुसऱ्या दिवशी परत गेला. जाणत्यांना काय सांगायचं ते त्यानं नाथाला विचारलं नाही. तशी गरज उरली नव्हती. साळूबाईनं मात्र तो पोचल्यावर त्याला दोन दिवस धड जेवायला वाढलं नाही, असला निरोप घेऊन गेलातच कसे म्हणून.

ताप एकाएकी उतरला नाही. एक दिवस कमी, एक दिवस जास्त, असं करत नवरात्रापर्यंत गेला. घटस्थापनेला नाथानं गोठ्याच्या कोनाड्यात परळात माती घालून धान्य पेरलं. सगुणाबाईनं पाहिलं आणि पाणी घालायला लोटा आणून दिला. दसऱ्याला सोजराचं अंग गार होतं. तिनं भाकरी मागितली, आणि भाकरी कच्ची भाजलीय म्हणून स्वयंपाकिणीला नावं ठेवली. वॉर्डातल्या बायकांना त्या दिवशी हायसं वाटलं.

माघात प्लास्टर निघालं. आतून पाय निघाला तो उसाच्या कांड्यासारखा बारीक. खुबा जागच्या जागी जुळून आला होता. दुखणं गेलं होतं, पण सांधा आता जन्मभर वाकणार नव्हता. डॉक्टरीणबाईनं कुबड्या दिल्या. सोजराला त्यांची भीती वाटायची, गुळगुळीत फरशीवर त्या सटकायच्या. दोनदा पडता पडता वाचल्यावर तिनं त्या लावायचंच सोडलं.

नाथानं मग परवानगी मागून ढवळी नावाची म्हातारी गाय आवारात आणली. ढवळी आटलेली, शांत, कुणी पाठीवर बसलं तरी न हलणारी. सोजरानं तिच्या पाठीवर हात ठेवला. नाथा पुढं दावं धरून उभा राहिला. गाय एक पाऊल टाकायची आणि थांबायची. सोजरा चांगला पाय टाकायची, मग ताठ पाय ओढून आणायची. नाथा हलकी शीळ घालायचा, गाय पुढचं पाऊल टाकायची. पहिल्या दिवशी चिंचेपर्यंतच झालं. पंधरा दिवसांत आवाराला पुरा फेरा झाला. व्हरांड्यातल्या खाटांवरून बायका बघायच्या. डॉक्टरीणबाईनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चष्मा काढून डोळे पुसले. हसून की कशानं, ते सगुणाबाईलाही सांगता आलं नाही.

चैत्रात ती दोघं निघाली. डॉक्टरीणबाईनं नाथाला गोठा कायमचा सांभाळायला सांगून पाहिलं. त्यानं हात जोडून नाही म्हटलं, आणि नव्या गवळ्याला प्रत्येक गाईची खोड समजावून द्यायला आणखी दोन दिवस राहिला.

घरी एक दुःख वाट बघत होतं. चंद्रा चार वर्षांची झाली होती आणि आईला विसरली होती. सोजराला पाहून ती साळूबाईच्या लुगड्यामागं लपली. साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पोरीला पुढं ढकलायला लागली. सोजरानं तिला थांबवलं. वर्षभर हिनं तुम्हालाच पाहिलंय, तिला राहू द्या, असं ती म्हणाली. मग ती रोज साळूबाईच्या दारात जाऊन बसायची. पाय वाकत नसल्यामुळं तो समोर फळीसारखा लांब पसरून बसावं लागे. पोरीला त्या पायाचं मोठं कुतूहल. सातव्या-आठव्या दिवशी तिनं जवळ येऊन त्यावर बोट टोचून पाहिलं. नंतर चिंध्यांची बाहुली त्यावर निजवली. महिन्याभरात ती स्वतःच त्या पायावरून घसरगुंडी करत होती आणि सोजरा खोटं खोटं ओरडत होती.

चढ मात्र तिला कायमचा बंद झाला. नाथानं वाड्यावरचं घर म्हादूला दिलं आणि खाली, गुंजवण्याच्या कडेला, कारवीच्या कुडाचं नवं घर बांधलं. गुरं वरच राहिली. तो रोज पहाटे चढायचा आणि दिवस कलताना उतरायचा. वाड्यावरचे लोक म्हणाले, की बायकोपायी माणूस डोंगर उतरला. त्यांना तो काही बोलला नाही. वर्षभर बोलून घेतलं होतं, आता पुन्हा तो पहिल्यासारखा झाला होता.

१९४१ साली गावातल्या सोनबाची बायको ठकुबाई हिच्या पोटात गाठ झाली. पुण्याला जाणं भाग होतं आणि दवाखान्याच्या नावानंच तिची बोबडी वळत होती. तिथं गेलेलं माणूस परत येत नाही असं गावात सगळे धरून चालले होते. सोजरा काठी टेकत तिच्या घरी गेली आणि म्हणाली, की मी येते बरोबर. बैलगाडीत एक पाय लांब करून बसून ती नसरापूरपर्यंत गेली. पुण्यात बावीस दिवस ठकुबाईच्या खाटेशी राहिली. बरी होशील असं तिनं एकदाही म्हटलं नाही. डॉक्टर कधी येतात, कुठली नर्स रागीट दिसते पण मनानं चांगली आहे, सुई टोचताना कुठं बघायचं, रात्री कण्हायचं असेल तर खुशाल कण्हावं, हे सगळं तिनं समजावलं. ठकुबाई परत आली.

त्यानंतर हा रिवाजच पडला. गुंजवण्याचं, वेल्ह्याकडचं, कधी आंबवड्याकडचंही माणूस यायचं आणि सोजराबाई येतील का म्हणून विचारायचं. पुढच्या सात वर्षांत ती अकरा जणांबरोबर गेली. त्यातली तिघं वाचली नाहीत. त्यांच्याजवळही ती शेवटपर्यंत बसली आणि मग घरच्यांना सांगायला स्वतः आली.

ती गेली की नाथा आणि चंद्रा दोघं चूल सांभाळायची. एकदा गावच्या चावडीवर रखमाजी नावाच्या एकानं त्याला विचारलं, की बायकोला असं परक्या माणसांसाठी महिना महिना कसं पाठवतोस. नाथा तंबाखू मळत होता.

"तिथं कुणीतरी वळखीचं लागतं," तो म्हणाला, आणि गुरांकडं निघून गेला.